सुनेच्या शिक्षणाचे वावर पडीक ठेवू नका

शेतकरी बंधूंनो, कपाशीची उगवण झाली नाही तर आपण दुबार पेरणी करतो. एका बोअरला पाणी लागले नाही तर दुसरी जागा पाहतो. पण घरातली सून तिशीला आली की तिचे शिक्षण मात्र कायमचे पडीक धरतो. ‘आता या वयात काय शिकते?’ म्हणतो आणि मोकळे होतो.

आपल्या गावची आशाताईच पाहा ना. २००५ साली ही योजना आली, साधारण हजार वस्तीमागे एक ताई. रात्री-अपरात्री बाळंतिणीसोबत दवाखान्यात जाते, लसीकरणाला पोरं गोळा करते. तरी ती मोबदल्यावर काम करणारी स्वयंसेविकाच. उपकेंद्रातल्या नर्सबाईने मात्र एएनएमची दोन वर्षे पूर्ण केलेली असतात. ती दोन वर्षे आपल्या सुनेलाही करता येतात.

नियम नीट समजून घ्या. एएनएमला बारावी पास लागते, वय १७ ते ३५. लग्न झाले, लेकरे झाली म्हणून दार बंद होत नाही. पस्तिशी ओलांडली की होते. दहावीनंतर शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून घरूनच बारावी देता येते. जळगाव-धुळ्याला त्यासाठी नाशिक विभागीय मंडळ आहे. पुढची वाटही मोकळी आहे. एएनएम होऊन नोंदणी झाली की तीन वर्षांच्या जीएनएमला वयाची अट आडवी येत नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग होते.

एक मात्र सांभाळा. ‘सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी’ अशा पाट्यांना भुलू नका. त्या संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहा. परिषदेत नोंदणी होत नसेल तर ते प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतेच. फी किती, हेही लेखी घ्या.

सरपंच आणि भाऊसाहेब, आता तुमचे काम. बाईचा शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा. इथेच अर्ज अडतो. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतच मिळतो, तो वेळेवर द्या. जातीचा दाखला वडिलांकडच्या कागदांवर निघतो, तेव्हा माहेरच्यांनीही टाळाटाळ करू नये. ग्रामसभेत एकदा विचारा, पस्तिशीच्या आतल्या किती बाया दहावी-बारावी झालेल्या आहेत? त्यांची यादी करा.

ही गोष्ट नवी नाही. न्यायमूर्ती रानडे १८७९ मध्ये धुळ्याला बदलून आले, तेव्हा रमाबाई त्यांच्यासोबत इथे राहिल्या. १९०१ मध्ये त्यांना वैधव्य आले. त्याच रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले आणि विधवा बायकांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखवली. लोकांनी तेव्हा नाके मुरडली. ज्या बाईचे आयुष्य संपले असे समाज धरून बसला होता, ती रोग्याच्या उशाशी उभी राहिली.

दोन वर्षे घराची ओढाताण होईल, हे लपवत नाही. सासूला चूल पाहावी लागेल, नवऱ्याला पोरांचे डबे भरावे लागतील. नोकरी लगेच लागेलच असेही नाही. पण पाऊस दगा देतो, केळीचा भाव पडतो. हातातली विद्या तशी पडत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवर आपल्या बोलीत समजावणारी नर्सबाई मिळाली तर गावाचेही भले आहे.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर सुनेला एवढेच विचारा, ‘माय, तुला पुढे शिकायचे होते का?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबा.