मर्यादा कोणाच्या मोबदल्याला?

भातकापणी उरकली की कोकणच्या गावोगावी टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. अलीकडच्या काळात या हंगामाला लिलाव नावाचा एक नवा विधी येऊन जडला आहे. प्रत्येक संघमालकाला सारखेच पॉइंट द्यायचे, खेळाडूंची नावे पुकारायची आणि बोलीत ज्याचे पॉइंट अधिक त्याच्या पदरी खेळाडू टाकायचा, अशी ही रीत आहे. बहुतेक ठिकाणी हे पॉइंट कागदावरचेच असतात. किहीमसारख्या गावात, जेथे मुंबईकर धनिकांच्या बंगल्यांनी नारळी-पोफळीच्या वाड्यांचे भाव सामान्य गावकऱ्याच्या आवाक्याबाहेर नेले, तेथे संघमालक कोण होणार आणि पुकारा कोणाच्या नावाचा होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. पुढची पायरीही ठरलेली आहे. एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याकडेच राखण्याचा हक्क मालक मागू लागतात आणि मग खर्चाच्या कमाल मर्यादेचे नियम करावे लागतात. हे नियम क्षुल्लक वाटले, तरी श्रमाच्या बाजाराचे सारे व्याकरण त्यांत दडलेले असते.

कमाल मर्यादेचे समर्थन नेहमी समतेच्या भाषेत होते. श्रीमंत मालकाने सगळे उत्तम खेळाडू खरेदी केले तर सामन्यात रंगत ती काय उरणार, असा युक्तिवाद असतो, आणि तो खोटा नाही. परंतु ही समता मालकामालकांतील आहे. सगळ्या मालकांनी एकत्र बसून अमुक रकमेपेक्षा अधिक मोबदला द्यायचा नाही असे ठरवले, तर कापड गिरण्यांच्या संदर्भात त्याला संगनमत म्हटले गेले असते. खेळात त्यालाच स्पर्धेचा समतोल म्हणतात. सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकन बेसबॉलचा अभ्यास करून १९५६ सालीच दाखवून दिले होते की, खेळाडूला मालकाशी जखडून ठेवल्याने गुणी खेळाडूंची संघांमधील वाटणी फारशी बदलत नाही. बदलते ते एवढेच, की त्यांच्या गुणांचे मोल खेळाडूऐवजी मालकाच्या खिशात जाते.

इंडियन प्रीमियर लीगचे आकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला लिलावात व राखीव खेळाडूंवर मिळून १२० कोटींची मर्यादा होती, आणि सामन्यांच्या मानधनासाठी आणखी १२ कोटी ६० लाख. दहा संघांचे मिळून हे १,३२६ कोटी होतात. केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी ताडून पाहिले तरी खेळाडूंचा वाटा शेकडा चौदाच्या आत राहतो. तिकिटे आणि प्रायोजक हिशेबात धरले तर तो आणखी घसरेल. जेद्दाह येथे नोव्हेंबर २०२४ मध्ये ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले, याची चर्चा घराघरांत झाली. या चौदा टक्क्यांची कोठेच झाली नाही. लिलावाचा तमाशा नेमका यासाठीच मांडलेला असतो.

भांडवलशाहीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेत मात्र फुटबॉलपटूंनी १९८७ साली संप केला. तो मोडला, पण न्यायालयीन लढाई चालू राहिली, आणि १९९३ च्या सामुदायिक करारातून १९९४ पासून जी खर्चमर्यादा आली ती उत्पन्नाशी बांधलेली होती. आज तेथे उत्पन्नाच्या सुमारे ४८ टक्के वाटा खेळाडूंचा ठरलेला आहे, आणि मर्यादेच्या सुमारे नव्वद टक्के रक्कम खर्च करण्याचे बंधन संघांवर आहे. छत आहे तशी जमीनही आहे. आपल्याकडे २०१९ साली स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्तांची आहे. मैदानात उतरणाऱ्यांची संघटनाच नाही, मग वाटाघाट करणार कोण?

मर्यादेचा दुसरा परिणाम अधिक कपटी आहे. ती खेळाडूला खेळाडूविरुद्ध उभी करते. रायगडच्या मातीत रुजलेल्या कबड्डीची व्यावसायिक लीग २०१४ साली सुरू झाली. २०२३ मध्ये तेथे एका संघाची मर्यादा ५ कोटी होती आणि पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. उरलेल्या २ कोटी ३९ लाख ५० हजारांत त्या संघाला किमान सतरा खेळाडू उभे करायचे होते. पवनच्या गुणाचे मोल त्याला मिळाले, याबद्दल कोणाचीच तक्रार असू नये. पण ते मालकाच्या नफ्यातून न येता त्याच्याच सहकाऱ्यांच्या ताटातून आले. आणि नवोदित तरुणांना तर ठरीव मानधनावर राखून ठेवण्याची वेगळी सोयच तेथे आहे.

गावच्या लीगने हीच नक्कल करावी असे काही नाही. समजा, आठ संघ आहेत आणि प्रत्येकास हजार पॉइंट आहेत. संघाला फार तर चार खेळाडू राखता यावेत, आणि तेही खेळाडूची सही असेल तरच. राखलेल्याची किंमत दरवर्षी शेकडा वीस किंवा सरळ वीस पॉइंट, यांपैकी जे अधिक असेल त्याने वाढावी. ही दुसरी अट महत्त्वाची आहे. तीनशेचा नामवंत खेळाडू टक्केवारीनेच ३६० आणि ४३२ वर जातो व मालकाला जड होऊ लागतो. परंतु तीस पॉइंटांत मिळालेला सोळा वर्षांचा पोरगा निव्वळ टक्केवारीने दोन वर्षांनंतरही जेमतेम त्रेचाळीसवर राहतो. लूट होते ती त्याची. वीसच्या अटीने तो सत्तरवर येतो. तीन हंगामांनंतर प्रत्येकाला मोकळे करावे. मध्येच कोणाला काढून टाकले तर त्याच्या किमतीचे अर्धे पॉइंट मालकाच्या पुढील वर्षाच्या खात्यातून वजा व्हावेत, म्हणजे दुखापत झालेल्याला वाऱ्यावर सोडणे स्वस्त पडणार नाही. हजारांपैकी नऊशे पॉइंट खर्च करणे सक्तीचे असावे. नियम करणाऱ्या समितीत मालकांइतकेच खेळाडू असावेत.

पॉइंट कागदी असले तरी बक्षिसाची रक्कम, फलकांवरील जाहिराती आणि प्रवेशशुल्क हे सारे खऱ्या नाण्यातले असते. याच अलिबाग तालुक्यात चरी येथे १९३३ साली कुळांनी संप पुकारला तो खोताने एकतर्फी ठरवलेल्या वाट्याविरुद्ध, आणि सहा वर्षे नांगर न धरता त्यांनी तो चालवला. त्यांच्या पणतवंडांनी वाट्याचा प्रश्न विचारायला लाजावे, हे विचित्रच म्हणायचे. जमेचा ठरावीक हिस्सा, निदान शेकडा चाळीस, खेळाडूंच्या नावे वेगळा काढावा, त्यातून गुडघा किंवा खांदा निखळलेल्याच्या औषधपाण्याचा खर्च आधी भागवावा, आणि अंतिम सामन्याच्या दिवशी बक्षीस वाटण्यापूर्वी जमाखर्च ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावा.