अनुमान आणि प्रमाण
गेल्या आषाढांत लातूरहून नांदेडास येतांना चिरंजीवांची मोटारसायकल बंद पडली. पिंवळा दिवा पाहून कारागीर म्हणाला, "गुरुजी, ईसीयू गेला, नवाच घाला." १ एप्रिल २०२० च्या बी.एस.-६ नियमांपासून बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोलचें माप हेंच यंत्र ठरवितें. परंतु दिवा दोष आहे इतकेंच सांगतो. दोषी कोण, तें नव्हे. चिरंजीवांनीं मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, फ्यूज शाबूत. मात्र स्टार्टर दाबतांच बॅटरीचें ऋण टोक व सांगाडा यांमध्यें २ व्होल्ट दिसले. तेथें जवळजवळ शून्य हवें. अर्थची तार गंजली होती. ती घासून आवळतांच गाडी सुरू झाली. बाष्पास धूम समजून अग्नीचें अनुमान करूं नये, हें मीं जन्मभर शिकविलें. आणि मागच्या बाकावरील किती मुलांस, डोळे न तपासतांच, मठ्ठ ठरविलें!