शब्दांची जप्ती आणि एक कवी

28 जून 1956 रोजी पोलंडमधील पोझनान शहरात स्टालिनचे नाव धारण करणाऱ्या एका प्रचंड कारखान्यातील कामगार वेतनाच्या तक्रारी घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांची पहिली घोषणा भाकरीची होती. उत्तरादाखल रणगाडे आले आणि पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली. लोकसत्तेवर हात उगारणाऱ्याचा तो हात छाटला जाईल, असे पंतप्रधान त्सिरांकिएविच यांनी नभोवाणीवरून बजावले. हे गृहस्थ जुन्या पोलिश समाजवादी पक्षाचे पुढारी. 1948 मध्ये त्यांनीच तो पक्ष कम्युनिस्टांत विलीन केला होता. ही गोष्ट जगातील कोणत्याही समाजवाद्याने विसरू नये अशी आहे. पुढे सरकारी भाषेत या हत्याकांडाचा उल्लेख ‘घडामोडी’ एवढाच होत राहिला.

कवी स्तानिस्लाव बारांचाक यांचा जन्म याच पोझनानमधला, 1946 चा. गोळीबाराच्या वेळी ते नऊ वर्षांचे होते. त्यांना ‘कम्युनिस्टविरोधी कवी’ या एका शिक्क्यात बसविण्याची चाल उजव्यांनी स्वतःच्या सोयीसाठी पाडली आणि डाव्यांपैकी अनेकांनी ती आळसाने स्वीकारली. वस्तुतः 1967 मध्ये ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे सभासद झाले होते. 1968 च्या जानेवारीत मित्स्किएविच या राष्ट्रकवीच्या नाटकाचे प्रयोग बंद करण्यात आले, मार्चमध्ये निषेध करणारे विद्यार्थी लाठ्यांखाली तुडविले गेले आणि ‘झायोनिझमविरोध’ या प्रतिष्ठित नावाखाली ज्यूंना देशाबाहेर घालविण्याची मोहीम सुरू झाली. 1969 मध्ये बारांचाक पक्षातून बाहेर पडले. त्यांचा भ्रमनिरास समतेच्या तत्त्वाबद्दल नव्हता. त्या तत्त्वाची भाषा कोण कशासाठी वापरतो, हे त्यांनी पाहिले होते.

भाषा हाच त्यांच्या काव्याचा विषय झाला. ‘नवी लाट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पिढीतील हे कवी निसर्गात किंवा पुराणांत आश्रय शोधीत बसले नाहीत. वर्तमानपत्रांचे मथळे, सभेतील टाळीची वाक्ये, कचेरीतले छापील अर्ज, रांगेतली कुजबुज हा त्यांचा कच्चा माल. बारांचाक यांच्या 1972 च्या संग्रहाच्या नावातील मुख्य शब्दाचे पोलिशमध्ये दोन अर्थ होतात, रोजनिशी आणि दैनिक वृत्तपत्र. माणसाची खाजगी नोंद आणि सरकारची जाहीर नोंद यांतील अंतर त्या एकाच शब्दात सामावले आहे. ‘कृत्रिम श्वसन’ या काव्यमालिकेचा नायक तर केवळ ‘एन. एन.’ आहे, अनोळखी, निनावी माणसाच्या नोंदीत लिहिली जाणारी ही अक्षरे. सिमेंटच्या ठोकळेवजा घरात राहणारा, काहीही न घडविणारा हा माणूस कविता वाचताना इतका ओळखीचा वाटू लागतो की राज्यकर्त्यांना तो का खुपला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

1975 च्या अखेरीस राज्यघटनेत पक्षाचे नेतृत्व आणि सोव्हिएत मैत्री यांना स्थान देण्याचे घाटले. त्याविरुद्ध 59 विचारवंतांनी निवेदन काढले, त्यावर बारांचाक यांचीही सही होती. सरकारी प्रकाशनसंस्थांची दारे त्यांना बंद झाली.

पुढचे वर्ष निर्णायक ठरले. 24 जून 1976 रोजी मांसाच्या किमती सरासरी 69 टक्क्यांनी आणि साखरेची किंमत दुप्पट करण्याचा प्रस्ताव पंतप्रधान यारोशेविच यांनी संसदेत मांडला. किमती वर्षानुवर्षे गोठविलेल्या, अनुदानाचा भार वाढता, पाश्चात्त्य कर्जाचा डोंगर उभा. अशा स्थितीत काही वाढ टळणारी नव्हती, हे कोणताही अर्थशास्त्रज्ञ मान्य करील. परंतु एका रात्रीत उरकावयाच्या या व्यवहाराला ‘जनतेशी विचारविनिमय’ असे नाव देण्यात आले. खरा विचारविनिमय दुसऱ्या दिवशी रादोम आणि उर्सुसच्या कामगारांनी संपाने केला, आणि त्याच संध्याकाळी सरकारला प्रस्ताव मागे घ्यावा लागला. (25 जून 1976 या दिवशी भारतात आणीबाणीला वर्ष पूर्ण होत होते, आणि इथे ‘अनुशासनपर्व’ हा शब्द चलनात होता.) मग सूड सुरू झाला. दोन रांगांत उभे राहिलेले पोलीस आणि मधून लाठ्या खात पळणारा कामगार, या शिक्षेला ‘आरोग्यपथ’ म्हणत. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, वृत्तपत्रांनी त्यांना दंगेखोर ठरविले.

सप्टेंबर 1976 मध्ये या कामगारांच्या साहाय्यासाठी ‘कामगार संरक्षण समिती’ स्थापन झाली. तिच्या पहिल्या चौदा सदस्यांत तिशीच्या आतले बारांचाक होते, आणि 1888 साली जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लिपिन्स्कीही होते. लिपिन्स्की जुने समाजवादी. त्सिरांकिएविच यांनी ज्या परंपरेला सत्तेच्या दावणीला बांधले तिचा मान या वृद्धाने राखला. समितीचे काम गुप्त नव्हते. सदस्यांची नावे आणि पत्ते उघडपणे छापले जात, वकिलांची फी आणि बडतर्फ कामगारांच्या कुटुंबांसाठी वर्गणी गोळा केली जाई. अशा उघडपणापुढे गुप्त पोलिसांची अर्धी विद्या निरुपयोगी ठरते.

उरलेली अर्धी विद्या मात्र वापरली गेलीच. बारांचाक यांच्यावर लाच देऊ केल्याचा बनावट आरोप ठेवण्यात आला आणि 1977 मध्ये विद्यापीठातील त्यांची नोकरी गेली. त्याच वर्षी त्यांनी मित्रांसमवेत ‘झापिस’ म्हणजे ‘नोंद’ हे सेन्सॉरला न दाखविता निघणारे नियतकालिक सुरू केले. मे महिन्यात वॉर्साच्या सेंट मार्टिन चर्चमध्ये तुरुंगातील कामगारांच्या सुटकेसाठी उपोषण झाले, त्यातही ते बसले. जुलैमध्ये सरकारने कैदी सोडले. हार्वर्ड विद्यापीठाचे निमंत्रण आले, तर पासपोर्ट नाकारण्यात आला. तोही एकदा नव्हे.

1980 च्या ऑगस्टनंतर चित्र पालटले. ‘सॉलिडॅरिटी’ या स्वतंत्र कामगार संघटनेच्या दडपणामुळे विद्यापीठाला बारांचाक यांना पुन्हा कामावर घ्यावे लागले. कवीने कामगारांची बाजू घेतली याची उदाहरणे साहित्याच्या इतिहासात पुष्कळ सापडतील. कामगारांनी कवीची नोकरी परत मिळवून दिली याची किती सापडतील?

मार्च 1981 मध्ये ते हार्वर्डला गेले, डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा आला, आणि प्रवास निर्वासन ठरला. तिथे त्यांनी शेक्सपिअर पोलिशमध्ये आणला. क्लेअर कॅव्हना यांच्यासह शिंबोर्स्का यांची कविता इंग्रजीत नेली, आणि 1996 च्या नोबेल पुरस्कारापूर्वीच ती जगापुढे होती. 1989 नंतरच्या पोलंडने मात्र ज्यांच्या बळावर हे सारे झाले त्या कामगारांना ‘संक्रमण’ नावाचा आणखी एक गुळगुळीत शब्द दिला. सॉलिडॅरिटीचे जन्मस्थान असलेली ग्दान्स्कची गोदी 1996 मध्ये दिवाळखोरीत निघाली. समितीचे एक संस्थापक यात्सेक कुरोन पहिल्या बिगरकम्युनिस्ट सरकारात श्रममंत्री होते. त्या सरकारच्या आर्थिक धोरणाला दिलेल्या पाठिंब्याबद्दल त्यांनी पुढे खेद व्यक्त केला.

बारांचाक 26 डिसेंबर 2014 रोजी अमेरिकेत वारले. त्यांच्या पोझनानमध्ये 28 जून 1981 रोजी, ते देशाबाहेर पडल्यानंतर तीन महिन्यांनी, 1956 च्या मृतांचे स्मारक उभे राहिले. एकत्र बांधलेल्या दोन उंच क्रूसांवर ‘घडामोडी’ हा शब्द नाही. तिथे वर्षे कोरली आहेत: 1956, 1968, 1970, 1976, 1980. 1981 हे वर्ष मागाहून घातले गेले.