काडतुसांचे पुनर्भरण : यंत्र साधे, वाट बिकट

नवी दिल्ली : मोठ्या बोअरच्या रायफलमधून गोळी सुटल्यावर उरणारी पितळी पुंगळी हा काडतुसाचा सहसा सर्वांत महाग भाग, आणि तो पुन्हा वापरता येतो. अमेरिकेत असंख्य नेमबाज घरच्या टेबलावर हे काम करतात. हाताने दाबायचा प्रेस, पुंगळी मूळ मापात आणणारे साचे, अचूक तराजू, व्हर्नियर कॅलिपर आणि दारूच्या प्रमाणांचे छापील पुस्तक एवढ्यावर आरंभ होतो. जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, दारू तोलून भरायची, वर गोळी दाबायची. दिल्ली परिसरातील रायफलधारकालाही याचे आकर्षण वाटले तर नवल नाही. मात्र येथे प्रश्न यंत्राचा नसून कायद्याचा आहे.

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यातून तो अधिकार आपोआप मिळत नाही. विनापरवाना निर्मितीची 3 ते 7 वर्षांची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीने किमान 7 वर्षे ते जन्मठेप अशी वाढवली. बेकायदा कारखाने आणि तस्करी नजरेसमोर ठेवून केलेली ही कठोरता छंद म्हणून मांडलेल्या टेबलाला वगळत नाही. शिवाय स्फोटकांचा कायदा आहेच. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. त्यातच नोएडा, गुरुग्राम आणि दिल्ली येथे परवाना देणारे अधिकारी निराळे.

पुनर्भरणाला मुभा मागताना ऑलिंपिक पदकांचा दाखला देणे मात्र फसवे ठरेल. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने 2024 मध्ये पॅरिस येथे 50 मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते .22 रिमफायर काडतुसांवर. या काडतुसातील पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या काठातच असते आणि आघाताने तो काठ चेपतो, त्यामुळे त्याचे पुनर्भरण व्यवहारात होत नाही. हवेच्या रायफलला तर काडतूसच नसते. लाभ होईल तो 300 मीटरसारख्या प्रकारांतील मोजक्या नेमबाजांना, आणि हा प्रकार 1972 नंतर ऑलिंपिकमध्ये नाही. छोट्या बोअरची निकड पुरवठ्याची आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्राने खेळाडूंसाठी काडतुसांची वार्षिक मर्यादा वाढवली, ती योग्य दिशा होती.

सावधगिरीलाही सबळ कारण आहे. आधुनिक रायफलच्या नळीत दाब प्रति चौरस इंच 60 हजार पौंडांच्या आसपास जाऊ शकतो. दारू ग्रेनमध्ये तोलतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. तोलण्यातली चूक किंवा दारूच्या प्रकारांची अदलाबदल झाली तर रायफल नेमबाजाच्या चेहऱ्यापाशी फुटते. दाट वस्तीतल्या सदनिकेत दारूचा साठा, हा शेजाऱ्यांचाही विषय आहे.

तरीही सरसकट नकार हे उत्तर नव्हे. तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग नेमबाजी संकुलासारख्या ठिकाणी, मोजदाद ठेवून आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली पुनर्भरणाची सोय विचारात घेता येईल. तेथे दारू आणि प्रायमर घरी नेण्याचा प्रसंगच उरणार नाही. असा प्रस्ताव मांडण्यास राष्ट्रीय रायफल संघटनेपेक्षा योग्य संस्था दुसरी नाही. 1951 मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे.