रुजू झालात, आता तुमचं तुम्ही बघा

तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला मी पहिल्यांदा कॉलेजात गेलो, तेव्हा स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सरांनी माझं नाव ऐकून अगदी आपुलकीनं सांगितलं, "उर्दू विभाग वरच्या मजल्यावर आहे." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी मराठीचाच म्हटल्यावर त्यांनी चहाही पाजला. पण वर्ग कुठला, हजेरीपत्रक कोणाकडून घ्यायचं, आधीच्या सरांनी अभ्यासक्रम कुठवर आणलाय, हे कोणीच सांगितलं नाही. ते सगळं शिपाईमामांनी सांगितलं. अंतर्गत गुणांचा तक्ता कसा भरायचा, हेसुद्धा त्यांना पाठ होतं.

घरी विचारावं तर आमच्या खानदानात कॉलेजात नोकरीला लागलेला मी पहिलाच. अब्बांना मस्टर ठाऊक होतं ते यंत्रमागाच्या कारखान्यातलं.

कागदावर व्यवस्था आहे, नाही असं नाही. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली. पुढे ती मानव संसाधन विकास केंद्रं झाली आणि आता मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रं. नव्या प्राध्यापकांसाठी युजीसीचा 'गुरु-दक्षता' हा महिनाभराचा कार्यक्रमही आहे. मात्र ही सगळी गाडी पदोन्नतीच्या रुळावरून धावते. माझ्या ओळखीच्या कित्येकांनी ओरिएंटेशन केलं ते बढतीची फाईल उघडल्यावर, म्हणजे नवेपणा संपून गेल्यावर. आणि सीएचबीवाल्याला कोण पाठवणार? सत्र संपलं की तो घरी. महिनाभर तो प्रशिक्षणाला गेला तर त्याचे तास बुडतात, आणि तास बुडाले की पैसेही बुडतात. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, क्रेडिट हा नव्या धोरणाचा सगळा पसारा मात्र त्यालाही तसाच ओढावा लागतो.

शिक्षकाचं निदान वर्गापुरतं निभावतं. ऑफिसात नव्यानं आलेल्याची चूक थेट एखाद्या पोरीच्या फीवर येते. एका कॉलेजातली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीनं महाडीबीटीवर अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला, कागदपत्रंही पूर्ण होती. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनमध्ये तपासला जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला जातो. तिथला लिपिक नवा, कंत्राटी. अर्ज आपोआप पुढे सरकतो असं त्याला वाटलं. मुदत संपली तेव्हा अर्ज त्याच्याच लॉगिनमध्ये पडून होता. वर्षाची फी तिच्या आईनं बचत गटाचं कर्ज काढून भरली.

मला त्या पोराचा राग आला होता. नंतर कळलं, रुजू झाला त्या दिवशी त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली होती, तिच्यावर युजरनेम आणि पासवर्ड. प्रशिक्षण म्हणून एवढंच. मग राग कोणावर धरायचा?

माझी मागणी फार मोठी नाही. सत्र सुरू होण्याआधी दोन दिवस, आणि ते भरपगारी. प्राध्यापक, लिपिक, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातला मदतनीस, सगळे एकाच खोलीत. आधी ते काम करणाऱ्यानं नव्या माणसाला बसवून काम दाखवावं. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखाली नेमलेल्या अंतर्गत समितीत कोण कोण आहे, तेही सांगावं. त्या कायद्यात हंगामी आणि कंत्राटी बायकाही येतात, हे त्यांनाच माहीत नसतं.

यावर उत्तर येतं, पैसा नाही, जागा रिकाम्या आहेत, वेळ कुठाय. जागा रिकाम्या आहेत हे खरंच, त्याबद्दल भांडायलाच हवं. पण नॅकची समिती येणार असली की याच कॉलेजात महिनाभर आधीपासून तालीम चालते. फाईल कोणी कुठून आणायची, पाहुण्यांना कुठल्या जिन्यानं न्यायचं, रांगोळी कोण काढणार, सगळं ठरतं. तेव्हा सीएचबीवाल्यालाही बोलावणं येतं आणि शिपायालाही.

आमचे मामा आता निवृत्त झाले. त्यांच्या जागी ठेकेदाराचा एक पोरगा आलाय. परवा परीक्षेच्या सकाळी तो धावत आला आणि म्हणाला, "सर, स्ट्राँगरूमची किल्ली कोणाकडे असते?"

इतक्या वर्षांत मलाही ते कोणी सांगितलेलं नव्हतं.