केर काढा, पण दिवा घेऊन!

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आता गुळगुळीत झाले आहे. परंतु हा संगणक कोणासाठी, हा प्रश्न मात्र अजूनही टोकदार आहे. त्याच प्रश्नाच्या एका लहानशा कोपऱ्याविषयी, खरे तर एका बटणाविषयी, मला येथे लिहायचे आहे.

सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती तशी कशी झाली, हे फेरफाराच्या नोंदवहीत सापडते. संगणकावरील कामाची अशीच फेरफार-वही ठेवणारी 'गिट' ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्सच्या कामासाठी रचली. बदल नोंदवून ठेवला की केव्हाही मागे जाता येते. शिवाय एका प्रकल्पाच्या पोटात स्वतःची स्वतंत्र वही असलेला दुसरा प्रकल्पही ठेवता येतो. त्याला 'सबमॉड्यूल' म्हणतात.

वाचकहो, आपल्या पेणचा गणपतीचा कारखाना डोळ्यांपुढे आणा. हमरापूरहून आणलेल्या कच्च्या मूर्ती आतल्या खोलीत आहेत आणि त्यांचा हिशेब वेगळ्या वहीत आहे. बाहेरचे दालन झाडले म्हणून आतली खोली स्वच्छ होत नाही. गिटचेही तसेच! तिची 'क्लीन' ही आज्ञा वहीत नोंद नसलेल्या फायली पुसते, पण सबमॉड्यूलमध्ये शिरत नाही. तेथे एकेका खोलीत जाऊन झाडायचे, नाहीतर एक लांबलचक आज्ञा पाठ करायची.

विंडोजवरील 'टॉर्टॉइजगिट' या खिडक्या-बटणांच्या साधनात सबमॉड्यूलही साफ करण्याचा पर्याय आहे. तो अशा प्रत्येक साधनात असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यावर जाणकार म्हणतील, "ज्याला आज्ञा येत नाही, त्याने या वाटेला जावेच कशाला?" माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पेण-रोह्याच्या खेड्यांतून येणाऱ्या आमच्यासारख्यांना हा युक्तिवाद नवा नाही. घरात विचारायला कोणी नसते, तेव्हा समोर दिसणारे बटण हाच आमचा गुरू!

मात्र जाणकारांची भीती अगदीच खोटी नाही. समजा, कोणी आजीकडून ऐकलेल्या ओव्या टिपून आतल्या प्रकल्पात ठेवल्या आणि नोंद करायची राहिली. बाहेर बसून एक बटण दाबले की केराबरोबर ओव्याही गेल्या. ज्याचा फेरफारच नाही, ते वहीतून परत कसे मिळणार? सुक्याबरोबर ओलेही जळायचे! म्हणूनच सक्तीची खूण दिल्याखेरीज गिट मुळात पुसायला नकार देते, आणि काय पुसले जाईल याची यादी आधी दाखवण्याची सोयही ठेवते.

तेव्हा बटण द्यावे, पण तीन अटींवर. पर्यायाची चौकट आधीपासून खूण केलेली नसावी. पुसण्यापूर्वी कोणत्या खोलीतले काय जाणार, याची यादी समोर यावी. आणि पुसलेले काही काळ कचरापेटीत राहावे, म्हणजे चूक झाल्यास हात घालून काढता येईल. यासाठी रचनाकाराला थोडे अधिक श्रम पडतील, हे खरे; पण एखाद्याच्या वर्षभराच्या कामापुढे त्या श्रमांची काय मातब्बरी?

धोका आहे म्हणून दार लावून घेणे सोपे असते. दार उघडून उंबरठा दाखवणे, हे खरे शिक्षण. केरसुणी सर्वांच्या हाती द्या, पण सोबत दिवाही द्या!

— द्वितीय वर्ष, कला