वाळूच्या रंगाची फीत

परवा लालबागला एका मित्राची चाळीतली खोली रिकामी करायला गेलो होतो. रिडेव्हलपमेंट, दुसरं काय! पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत त्याच्या आजोबांचं पदक निघालं. सहा टोकांची चांदणी, वाळूच्या रंगाची फीत, मधोमध लाल पट्टा. आफ्रिका स्टार.

"लष्करात मेकॅनिक होते. गाड्या दुरुस्त करायचे, लढले वगैरे नाहीत," मित्र ओशाळून म्हणाला.

मला ते 'वगैरे' खटकलं.

१९४१च्या फेब्रुवारी-मार्चमधे इरिट्रियात, म्हणजे तेव्हाच्या इटलीच्या वसाहतीत, केरेनची लढाई झाली. भारताच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजन तिथे लढल्या. मराठ्यांची एक पलटणही त्यात होती. त्याच मोहिमेत बॉम्बे सॅपर्सच्या प्रेमिंद्रसिंग भगतांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं साफ केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यांच्याबद्दल निदान लिहिलं तरी गेलंय. पण पाणी, दारूगोळा आणि जखमी वाहणाऱ्या लॉऱ्या चालू कोणी ठेवल्या?

आपल्या धंद्यात वेगळं काय आहे म्हणा. रिलीजच्या टाळ्या एकाला, रात्री तीनला सर्व्हर उठवणारा दुसराच. लष्करानेही दुरुस्तीसाठी वेगळी कोअर (आजची ईएमई) काढली ती १९४३ साली. केरेनला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.

यात एक अवघड गोष्टही आहे. ही चाकरी साहेबाची. तिथून इटली हटली, पण इरिट्रिया १९५२पर्यंत इंग्रजांच्याच ताब्यात राहिला. इकडे ८ ऑगस्ट १९४२ला गोवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. त्यानंतर गिरगाव-परळात छातीवर हे पदक लावून कोण फिरणार? ते ट्रंकेत गेलं, हे मी समजू शकतो.

पण माझं मत असं, की पगारासाठी फौजेत जाणं म्हणजे साम्राज्यावर प्रेम करणं नव्हे. आजोबांना हीरो करू नका. पण त्यांच्यापायी ओशाळूही नका. काय झालं ते नीट सांगा, बस्स.

भारतीय सैनिकांच्या या पदकांवर मागे नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. मित्राने रुमालाने पुसलं, तर आजोबांचं नाव दिसलं. मग तो बराच वेळ काही बोलला नाही.

तेव्हा मंडळी, घर सोडताना ट्रंक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडा. आणि आजी असेल, तर आजच विचारा. पुढच्या वीकेंडला नको.